विमान मिळेल, टेकडी कुठून आणाल?

कर्नाळ्याच्या सुळक्याला पाठ टेकवा आणि उत्तरेकडे बघा. उजवीकडे प्रबळगड, त्याच्या मागे माथेरानची आडवी धार. डावीकडे लांबवर जेएनपीए बंदराच्या क्रेन आणि खाडीचं पाणी. समोर पनवेल, आणि शहराच्या डाव्या अंगाला नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची 3,700 मीटर लांबीची धावपट्टी. बारा-तेरा किलोमीटरवरून ती नुसती करडी रेघ वाटते.

तुमच्या गळ्यात डिजिटल कॅमेरा आहे, त्यावर 400 मिलिमीटरची लेन्स. एक दोन इंजिनांचं जेट त्या रेघेवर उतरतंय. टिपू नका. त्याच्यासाठी तुम्ही एवढा गड चढून आलेला नाही. तुम्हाला हवंय ते कापड ताणलेल्या पंखांचं, एका इंजिनाचं, ताशी जेमतेम 160 किलोमीटरने जाणारं विमान. ते या भागाच्या आकाशात 1932 साली होतं. तेव्हा तिकडेच जायचं.

संगणकावर फोटो जुळवणाऱ्यांना थर माहीत असतात. थराशेजारच्या डोळ्यावर टिचकी मारली की तो थर लपतो आणि खालचा दिसू लागतो. समोरच्या देखाव्याचे थर असेच एकेक बंद करत चला.

25 डिसेंबर 2025 चा थर बंद करा: प्रवासी विमानांची ये-जा थांबली. 11 ऑक्टोबर 2024 चा बंद करा: या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरलेलं हवाई दलाचं सी-295 उलटं उडून गेलं. त्याच वर्षीच्या जानेवारीतला अटल सेतू पाण्यावरून पुसला गेला. आता धावपट्टीचाच थर काढा. हा जड आहे, सहज निघत नाही. खालून नव्वदेक मीटर उंचीची उलवे टेकडी वर येते, सुरुंग लावून फोडलेला तिचा दगड पुन्हा जागेवर बसतो. वळवलेली उलवे नदी जुन्या पात्रात शिरते. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा, एकेका गावाची कौलं दिसू लागतात. अशी दहा गावं विमानतळासाठी उठली. त्यांच्या पुनर्वसनासाठी सिडकोने जी वसाहत उभारली तिचं नाव पुष्पकनगर. नाव ठेवणाऱ्याला विनोद करायचा नव्हता, हे गृहीत धरू.

पुढचे थर भराभर निघतात. द्रुतगती मार्ग गेला. 1989 चं न्हावा-शेवा बंदर गेलं. खारघरच्या इमारती गेल्या, भाताची खाचरं आणि मिठागरं आली.

1982 वर क्षणभर थांबा. तारीख 15 ऑक्टोबर. कर्नाळ्यावरून आज काही दिसणार नाही, पण तिकडे जुहूला 78 वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एक छोटं विमान एकट्याने चालवत आणून उतरवताहेत. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला, याच वाटेने त्यांनी टाटांच्या हवाई टपालसेवेची पहिली फेरी उडवली होती. ते विमान होतं द हॅविलँड कंपनीचं पस मॉथ. आज त्यांच्या हाताखाली आहे त्याच घराण्यातलं पुढचं, लेपर्ड मॉथ. दोन्ही वरच्या पंखाची, बंद केबिनची; लांबून पाहणाऱ्याला सारखीच वाटावीत अशी. तरी कोणी लेपर्डला पस म्हणून खपवलं नाही. सोहळा पुन्हा रचलेला आहे, विमान दुसरं आहे, हे सगळ्या जगाला सांगून ते उडाले. जुन्या विमानांची चित्रं संगणकावर जुळवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचं काम पडणार आहे.

आणखी मागे चला. 1973 चा वाशीचा पूल जातो, सिडको जाते, पनवेलची रेल्वे जाते. महायुद्धाच्या वर्षांत उत्तरेकडे, कल्याणजवळच्या नेवाळीला, लष्कराने शेतजमिनीवर धावपट्टी केलेली आहे. त्या जमिनीसाठी तिथले शेतकरी 2017 च्या जूनमध्येही रस्त्यावर होते. या पट्ट्यात विमान आणि सातबारा यांचं नातं जुनं आहे.

आता 1932. ऑक्टोबरची 15 तारीख, शनिवार. कोजागिरी नुकतीच झालीय. तुम्ही कुलाबा जिल्ह्यात आहात. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळायला अजून जवळपास अर्धशतक आहे. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराला दोन वर्षं झालीत, येरवड्याचा करार होऊन जेमतेम तीन आठवडे. खाली पनवेल बंदरात होड्या लागल्यात. हे गाव गाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेलं. घाटावरून उतरलेल्या बैलगाड्या इथून नवी चाकं लावून परत जातात.

तिकडे कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जे. आर. डी. सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघालेत. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली टपालाची थैली सोबत आहे, वजन सुमारे 25 किलो. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर लादून आणलं होतं. विमानयुगाची सुरुवात आपल्याकडे बैलांच्या खांद्यावर झाली, आणि अहमदाबादला काय कोण जाणे, पण आपल्या बाजूला त्या गाडीची चाकं बहुधा पनवेलची असती. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी जे. आर. डी. जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून थैल्या पुढे न्यायचं काम नेव्हिल व्हिन्सेंटचं: मुक्कामाला बेल्लारी, उद्या मद्रास. व्हिन्सेंट पूर्वी ब्रिटिश हवाई दलात होता. टपालसेवेची कल्पना घेऊन तोच टाटांकडे आला होता.

नकाशावर जुहू आणि बेल्लारी पट्टीने जोडा. रेघ तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्ब्याच्या, बाजूने खाडी ओलांडते, उरण तालुक्यातल्या जासईजवळून जाते आणि कर्नाळ्याच्या थोडं दक्षिणेकडून, तुमच्यापासून पाचेक किलोमीटरवरून, घाटाकडे सरकते. व्हिन्सेंट सरळ गेला असं धरू. जासईत तेव्हा एक सहा वर्षांचा मुलगा आहे, दिनकर बाळू पाटील. त्याने मान वर केली की नाही याची नोंद नाही. पुढे जमिनीच्या लढ्यात तो इथल्या माणसांचा दि. बा. झाला, आणि विमानतळाला त्याचंच नाव हवं म्हणून 2021 च्या जूनमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले.

घरघर ऐकू येतेय. कॅमेरा उचला.

आता पंचाईत समजून घ्या. पस मॉथच्या पंखांचा विस्तार सव्वाअकरा मीटर. पाच किलोमीटर अंतर, 400 ची लेन्स, पूर्ण चौकटीचा सेन्सर. हिशेब केला तर विमान चौकटीच्या रुंदीचा चाळिसावा भाग व्यापतं. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दीडशे पिक्सेल. शिवाय दुपार कललीय, सूर्य नैऋत्येला आहे आणि विमानही त्याच अंगाला, म्हणजे सगळा उजेड त्याच्या मागून. मिळतो तो काळा ठिपका. घार म्हणालात तरी कोणी भांडणार नाही.

मग गडावर कशाला बसायचं? विमानातच चला.

पस मॉथची केबिन बंद आहे, पुढे वैमानिक आणि मागे तुम्ही, टपालाच्या थैल्यांना खेटून. रेडिओ नाही. व्हिन्सेंटच्या मांडीवर नकाशा, नकाशावर पेन्सिलीची रेघ. जिप्सी इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, त्यामुळे तो तुम्हाला कोण, कुठले हे विचारत नाही, हे बरंच. पुढे सह्याद्री ओलांडायचा आहे म्हणून विमान चढणीला लागलंय. पंख डोक्यावर असल्याने खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. फोटोसाठी याहून चांगली रचना नाही. चौकटीत फक्त पंखाचे टेकू येतात. त्या टेकूंकडे जास्त वेळ बघू नका. याच जातीची काही विमानं या वर्षांत हवेत पंख मोडून पडलीत, आणि येत्या जानेवारीत नामवंत ऑस्ट्रेलियन वैमानिक बर्ट हिंकलर इटलीत पस मॉथमध्येच मरणार आहे. जुन्या विमानांवर प्रेम करणाऱ्यांनी एवढं विसरू नये: ती सुंदर होती आणि धोक्याची होती. व्हिन्सेंटलाही म्हातारपण मिळणार नाही. 1942 च्या जानेवारीत फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ त्याचं विमान नाहीसं होईल.

डाव्या खिडकीशी सरका. सूर्य उजव्या अंगाला आहे, म्हणजे डावीकडचा मुलूख पूर्ण उजेडात. कोपर खिडकीला टेकवू नका, इंजिनाची थरथर लेन्समध्ये उतरेल. शटर एक पाचशेवर ठेवा. आता दिसतं ते नीट पाहा. खाडीच्या फाट्यांमध्ये मिठागरांचे चौकोन. पिवळी पडायला लागलेली हळवी भातं. पनवेलच्या बंदराकडे वळणारी गाढी नदी. मागे प्रबळगड, माथेरान. आणि या सगळ्याच्या अलीकडे, चौकटीच्या मधोमध, हिरवी उलवे टेकडी.

दाबा शटर. हा फोटो तुम्हाला हवा होता.

तो तुमच्याकडे नाही, एवढीच अडचण आहे. परत या.

परतल्यावर हेच चित्र, त्यात पस मॉथही घालून, संगणकावर जुळवायचं ठरवा. विमानापासून सुरुवात करा, कारण ते सोपं आहे. जुनी विमानं शोधणाऱ्याला ती सापडतात. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-24 मरुत उभं आहे. गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एअर इंडियापासून हवाई दलामार्गे नौदलात गेलेलं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, तीन शेपट्यांचं. तिथे एक पूर्ण दिवस काढा, सकाळी एका बाजूने आणि उतरत्या उन्हात दुसऱ्या बाजूने. हवाई दलाच्या विंटेज ताफ्यात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि 2018 पासून ‘परशुराम’ नावाचं डाकोटा आहे. त्या नावाचं विमान कोकणच्या फोटोग्राफरने टिपायचं नाही तर कोणी? पस मॉथ मात्र उडतं पाहायचं तर ब्रिटनसारख्या ठिकाणी जावं लागतं, तिथे थोडी अजून शाबूत आहेत.

उडतं जुनं विमान सापडलं तर एक चूक हमखास होते. जेटची सवय असलेला माणूस शटर एक हजारावर ठेवतो. पंखा मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर एक हजारांश सेकंदात तो बारा अंश फिरतो. फोटोत पाती जवळपास थिजलेली; इंजिन बंद पडून विमान आता कोसळणार असं वाटतं. एक साठांशला तोच पंखा दोनशे अंश फिरतो आणि दोन पात्यांची पूर्ण चकती उमटते. अर्थात एवढ्या सावकाश शटरला विमानाच्या वेगाने कॅमेरा फिरवता आला पाहिजे, आणि दहातले आठ फोटो हललेले येणार. येऊ द्यात. उरलेल्या दोनांत विमान उडत असतं. मोबाइलने काढाल तर तिसरीच गंमत: सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पंखा फिरतो, आणि पाती विळ्यासारखी वाकडी येतात. कोणाला ते कलात्मक वाटतं. मला नाही वाटत.

ब्रिटन परवडत नसेल तर मॉडेल घ्या. 1:72 प्रमाणात पस मॉथ साडेपंधरा सेंटिमीटरचं होतं. ते एक मीटरवरून टिपलं की खऱ्या विमानापासून 72 मीटरवर उभं राहिल्यासारखा कोन मिळतो. इतक्या जवळून नाकापासून शेपटीपर्यंत सगळं एकदम स्पष्ट येत नाही; म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढायचे आणि ते एकत्र करायचे. दिवा कुठे ठेवायचा ते टेबल ठरवत नाही, 15 ऑक्टोबरची कललेली दुपार ठरवते. जुळवलेली बहुतेक चित्रं फसतात ती इथेच: विमानावर ऊन डावीकडून, डोंगरावर उजवीकडून. दुसरी खूण धुरकटपणाची. ऑक्टोबरच्या हवेत लांबची वस्तू फिकी आणि निळसर होते. पाच किलोमीटरवरचं विमान काळंकुळकुळीत दाखवलंत की ते चिकटवलेलं कळतंच.

रंगांचंही असंच. जुनं म्हणजे पिवळट, हा समज सॉफ्टवेअरच्या तयार बटणांनी पसरवला आहे. त्या काळातली बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला लाल रंग दिसत नसे आणि निळा नको इतका दिसे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश पांढरंफटक, ढग गायब, लाल मातीची वाट काळपट. कृष्णधवल करताना लाल चॅनेल जवळपास शून्यावर आणा, निळा वाढवा, आणि कर्नाळ्याची तांबडी पायवाट बघा कशी गडद होते ते. सेपियाचं बटण हवं तर लग्नाच्या अल्बमला वापरा.

इथवर सगळं जमतं. विमान जमतं, ऊन जमतं, फिल्मचा दाणा जमतो. मग पार्श्वभूमीचा थर घालायची वेळ येते आणि हात थांबतो. खिडकीतून दिसलेली ती टेकडी कुठून आणायची?

प्रबळगड आजही टिपता येतो. माथेरान आहे. खाडी थोडीफार आहे. उलवे टेकडी नाही. ती भरावात गेली. विमानप्रेमी मंडळी विमानाच्या नोंदणीचं अक्षर चुकलं तर रात्रभर जागतात, पण पार्श्वभूमीला इंटरनेटवरचा कुठलाही हिरवा डोंगर चालवून घेतात. हे उलटं आहे असं माझं मत आहे. पस मॉथचे आराखडे आहेत, मॉडेलं आहेत, चालू इंजिनाचे आवाज ध्वनिमुद्रित आहेत. ते विमान उद्याही मिळेल. वाघिवलीवाड्यातून दिसणाऱ्या टेकडीचा आराखडा कुठल्या संग्रहालयात टांगलेला नाही. विमानाच्या मानाने आपल्याकडे जमीन लवकर विंटेज होते.

आणि टेकडीच्या जागी एआयकडून बनवून घेतलेली टेकडी घालू नका. घातलीत तर खाली तसं लिहा. जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथला लेपर्ड मॉथच म्हटलं होतं. ‘जोडचित्र, विमान मॉडेल, डोंगर अमुक साली टिपलेले’ एवढी एक ओळ चित्राखाली आली की कल्पनेला कितीही मोकळं सोडा. ती ओळ नसेल तर पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमचं चित्र पुरावा म्हणून पुढे करील, आणि ते खोटं पाडायला टेकडीही नसेल.

तेव्हा पनवेल, उरण आणि आसपासच्या वाचकांना ही विनंती. तुमच्या कपाटात टेकडी फुटण्याआधीचे, म्हणजे 2017 च्या आधीचे फोटो असतील: उलव्याच्या खाडीवर गेलेली सहल, कोल्ही-कोपरचं लग्न, चिंचपाड्यातली पालखी, शेतात उभं राहून काढलेला आजोबांचा फोटो. फोटो माणसांचे असतील, पण त्यांच्या मागे टेकडी आहे. ते मोबाइलने टिपू नका, स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा. पाठची बाजूही करा, तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. निगेटिव्ह सापडली तर ती आधी. छापील फोटोपेक्षा तिच्यात जास्त तपशील असतो. गाव, साल, कोणत्या दिशेला तोंड करून काढला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फाइलच्या नावात लिहून ठेवा, आणि एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयात द्या. हे काम या दिवाळीच्या साफसफाईतच करा, कारण दिशा सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.